गोळी सोडा विसरलात!

‘कॅम्पा’ या देशी कोलाच्या पुनरागमनावरील आपला लेख वाचला. १९७७ मध्ये कोका-कोला देशाबाहेर गेल्यापासून देशी पेयांचा इतिहास सांगणे अपुरे आहे. मुंबईत ड्यूक्स १८८९ पासून, तर सुरतेत सोस्यो १९२० च्या दशकापासून होते. आणि सोलापूरकर गड्ड्याच्या यात्रेत जो गोळी सोडा फोडत आले, त्याची बाटली इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी १८७० च्या दशकात काढलेली! आतल्या वायूच्या दाबाने काचेची गोळी बाटलीच्या तोंडाशी घट्ट बसते. रिकामी बाटली परत यावी लागे, म्हणून एका गावचा माल दुसऱ्या गावात फारसा जात नसे. छोटा कारखानदार त्यामुळेच तगला. प्लॅस्टिकच्या बाटलीने हे कुंपण मोडले. लेखात जाहिरातींना दोन रकाने आहेत, या कारखानदारांना एक ओळही नाही.

– एक वाचक, सोलापूर