दावोसचा बर्फ आणि तुमची काळजी

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

हिमस्खलनाची बातमी लागली की तुमच्या जिवाला घोर लागतो, म्हणून एकदा नीट लिहिते. स्कीवाले ज्यात सापडतात ते हिमस्खलन बहुतेक वेळा त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनानं सुटलेलं असतं. त्यामुळे कुठल्या उतारावर जायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं.

इथली हिमसंशोधन संस्था, एसएलएफ, हिवाळ्यात रोज संध्याकाळी 5 आणि सकाळी 8 वाजता पत्रक काढते. धोक्याच्या पायऱ्या 1 ते 5. बाबा, तुम्हाला 5 ची भीती वाटते, पण 5 असताना डोंगरात कोण जातं? माणसं फसतात ती 3 ला. आकाश निळं, बर्फ ताजा, आणि आकडा मधला म्हणून मन निर्धास्त. त्या दिवशी पत्रकात सांगितलेल्या दिशांचे 30 अंशांहून तीव्र उतार सोडायचे, त्यांच्या पायथ्यालाही थांबायचं नाही. स्विसटोपो या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेच्या नकाशावर हे उतार रंगवलेले असतात.

आकड्याइतकंच कारणही वाचायचं. वाऱ्यानं आडोशाला साचवलेला बर्फ बहुधा काही दिवसांत बसतो. जुना कमकुवत थर मात्र वाईट. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ कमी आणि रात्री निरभ्र असल्या की जमिनीलगत तापमान शून्याजवळ असतं, पृष्ठभागावर उणे 15 वगैरे. या फरकामुळे आतली वाफ वर सरकते आणि तळाचा बर्फ जाड्या साखरेसारखा सुटा होतो. दाणे एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवा बर्फ पडला की तो थर आठवडेच्या आठवडे दडून राहतो, वरून काही कळत नाही. स्कीखाली 'वूम्फ' असा दबका आवाज आला किंवा भेगा धावल्या, तर लगेच सपाट जागेकडे मागे फिरायचं.

आई, सामानाचं विचारलं होतंस. बीकन, म्हणजे गाडलेल्या माणसाचा माग लावणारं सिग्नल-यंत्र, अंगावर, जॅकेटच्या आत, निघतानाच सुरू करून एकमेकांचे तपासलेले. मोबाइल त्यापासून दूर, नाहीतर शोधताना सिग्नल बिघडतो. बर्फात खुपसून गाडलेल्याला शोधायची 240 सेंमीची प्रोब-काठी. फावडं धातूचंच, कारण थांबलेला ढिगारा इतका आवळतो की प्लास्टिकचं मोडतं. गाडलेल्या माणसाकडे जेमतेम 10 मिनिटं असतात, तेवढ्यात हेलिकॉप्टर पोचत नाही. म्हणून एकटीनं जाणं नाही, आणि संशयाचा उतार एकेकानं ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून बघायचं.

जाण्याच्या आदल्या रात्री वाट आणि परतीची वेळ तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवीन. वेळ टळून तासभर झाला तर माझ्या घरमैत्रिणीला फोन करा. तिच्याकडेही तीच माहिती असेल, ती 1414 ला, म्हणजे रेगाच्या हवाई बचावपथकाला, कळवेल.

तुमची,
छकुली