घरी ऑइल बदलल्याचे कारण देऊन वॉरंटी नाकारल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार निवारण विभाग,
मुख्य कार्यालय

विषय: इंजिनाच्या क्रँक ऑइल सीलमधील गळतीची दुरुस्ती वॉरंटीत करून मिळणे आणि गाडीच्या सर्व्हिस नोंदीतील चुकीचा शेरा काढून टाकणे

महोदय/महोदया,

मी आपल्या कंपनीच्या 1.2 लिटर पेट्रोल गाडीचा पहिला मालक आहे. गाडी अजून आपण दिलेल्या तीन वर्षे किंवा 1,00,000 किमीच्या वॉरंटीत आहे. इंजिनाच्या पुढच्या बाजूने, क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टवरच्या चाकाच्या) मागून, तेल गळू लागल्यामुळे गेल्या महिन्यात मी ती आपल्या पुणे जिल्ह्यातील एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवली. गळती आहे हे त्यांनीही मान्य केले. परंतु ‘ऑइल बाहेर बदलले आहे, वॉरंटी लागू नाही’ एवढे एकच वाक्य जॉब कार्डावर लिहून त्यांनी सीलची किंमत, मजुरी, इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणे) आणि नवीन तेल असा सगळा खर्च माझ्याकडे मागितला. मी तो देण्यास नकार दिला आणि तपासणीचे पैसे भरून गाडी घरी आणली.

आपल्या वेळापत्रकातली एकही सर्व्हिसिंग मी चुकवलेली नाही. प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच झाली आहे आणि त्याची बिले माझ्याकडे आहेत. मी घरी जे केले ते दोन सर्व्हिसिंगच्या मधले, जादाचे ऑइल बदलणे होते, आणि तेही आपल्याच मालक-पुस्तिकेत लिहिले आहे म्हणून. धुळीचे रस्ते, थांबत थांबत चालणारी रहदारी आणि इंजिन पुरते तापण्याआधीच संपणारे छोटे प्रवास, असा वापर असल्यास ऑइल 10,000 ऐवजी 5,000 किमीवर बदलावे, असे त्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे. मी तळेगाव दाभाड्याला राहतो आणि चाकणच्या एमआयडीसीत कामाला जातो. तळेगाव–चाकण रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ अवजड ट्रक आणि कंटेनरच्या रांगेत गाडी कशी चालवावी लागते, हे त्या भागातल्या आपल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला विचारावे. एरवी गाडी वापरली जाते ती स्टेशन आणि बाजार एवढ्याच अंतरासाठी. इंजिन नीट तापलेच नाही तर तेलात उतरलेले पेट्रोल आणि पाण्याचा अंश उडून जात नाही, तेल पातळ होते आणि त्याचे आयुष्य किलोमीटरच्या आकड्याआधीच संपते. पुस्तिकेतल्या सूचनेमागे हेच कारण आहे. ही सूचना मी सर्व्हिस ॲडव्हायझरना दाखवली होती. ‘कंपनी दहा हजार सांगते, मध्ये बदलायची काही गरज नाही,’ असे उत्तर त्यांच्याकडून मिळाल्यावर मी ते काम स्वतः करायचे ठरवले.

हे काम कसे केले तेही लिहितो, कारण सर्व्हिस सेंटरमध्ये ते मला कोणी विचारले नाही आणि नकाराचा शेरा मात्र लिहिला गेला. मी टूलरूममध्ये काम करतो. मोजून कसणे आणि कसलेले पुन्हा तपासणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. सपाट फरशीवर मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून, पुढची बाजू जॅकने उचलून ती घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) टेकवली. इंजिन आधी थोडे चालवून तेल कोमट करून घेतले आणि शेवटची धार थेंबांवर येईपर्यंत चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) रिकामा होऊ दिला. ड्रेन बोल्टला नवीन वायसर घातला आणि पुस्तिकेत छापलेल्या 35 न्यूटन-मीटरवर टॉर्क पान्याने बोल्ट कसला. फिल्टरच्या रबरी रिंगेला नवे तेल चोळले, रिंग टेकेपर्यंत तो हाताने फिरवला आणि नंतर पाऊण फेरा दिला. तेल पुस्तिकेत सांगितलेल्याच ग्रेडचे, म्हणजे 0डब्ल्यू-20, आणि तिथे मागितलेल्या एपीआय दर्जाचे होते. कॅन, त्यावरचा बॅच क्रमांक आणि बिल मी जपून ठेवले आहे. फिल्टर आणि वायसर या दोन्ही वस्तू मी आपल्याच अधिकृत केंद्राच्या सुट्या भागांच्या काउंटरवरून विकत घेतल्या, आणि ते बिल आपल्याच नावाचे आहे. ज्या केंद्राच्या काउंटरने हे भाग पैसे घेऊन माझ्या हातात दिले, त्याच केंद्राने, ते मी बसवले म्हणून, माझी वॉरंटी नाकारावी, हे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

बोल्ट कसून झाल्यावर मी त्याच्या डोक्यावरून चेंबरच्या पत्र्यावर पिवळ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढली होती. कारखान्यात आम्ही कसलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर अशी रेघ ओढतो. बोल्ट केसभर जरी फिरला तरी ती रेघ तुटते. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी लिफ्टवर चढवल्यावर सुपरवायझरनी बॅटरीचा प्रकाश आधी ड्रेन बोल्टवरच टाकला. रेघ अखंड होती. बोल्टच्या सहाही कडांवर कोरडी लाल धूळ बसलेली होती आणि फिल्टरची कड बोट फिरवले तरी बोटाला काही लागू नये इतकी कोरडी होती. ओले होते ते वर आणि पुढे. क्रँक पुलीच्या मागे तेलाचा काळा, चकचकीत थर जमला होता आणि फिरत्या पुलीने उडवलेल्या शिंतोड्यांची एक पट्टी पुलीच्या रेषेत जवळच्या पत्र्यावर उमटली होती. चेंबरच्या पुढच्या कडेला जे ओघळ दिसत होते ते तिथूनच खाली आलेले होते. तेल वरून खाली ओघळते. चेंबरच्या तळाशी असलेल्या बोल्टमधून ते पुढच्या सीलपर्यंत वर चढू शकत नाही. हे सगळे सुपरवायझरनी माझ्यासोबत उभे राहून पाहिले आणि गळती सीलमधूनच आहे असे तोंडी सांगितलेही. शेरा मात्र त्यानंतर, ऑफिसात, सर्व्हिस ॲडव्हायझरनी लिहिला.

ऑइल बदलताना क्रँकच्या पुढच्या सीलला कोणी हात लावत नाही. तिथे पोहोचायचे तर बेल्ट काढून पुली उतरवावी लागते. ते सील म्हणजे फिरत्या शाफ्टवर टेकलेली रबराची ओठासारखी कड असते. ती कडक झाली, चिरली किंवा कारखान्यातच तिरकी बसली, तर गळते. ऑइल बदलण्याशी तिचा संबंध जोडायचा झाला तर दोनच मार्गांनी जोडता येईल. एक म्हणजे तेल प्रमाणाबाहेर भरले असेल आणि त्यामुळे आत फेस व दाब वाढला असेल. परंतु आपल्याच जॉब कार्डावर डिपस्टिकवरची (तेल मोजायच्या पट्टीवरची) पातळी ‘दोन खुणांच्या मध्ये’ अशी नोंदलेली आहे. दुसरा म्हणजे तेल चुकीचे किंवा बनावट असेल आणि त्याने रबर खराब झाले असेल. तशी शंका होती तर चेंबरमधल्या तेलाचा नमुना काढून तपासायला हवा होता. नमुना घेतला गेला नाही, कॅन किंवा बिल पाहायला मागितले नाही, तेलाचा ग्रेडसुद्धा विचारला नाही. तेच तेल आजही इंजिनात आहे. आपण माझ्यासमोर त्याचा नमुना घ्यावा, एक बाटली माझ्याकडे सीलबंद ठेवावी आणि आपल्या पसंतीच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तो तपासून घ्यावा, याला माझी पूर्ण तयारी आहे.

कायद्याच्या बाजूनेही हा नकार टिकणारा नाही असे माझे मत आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांविरुद्ध आदेश देताना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. काम अधिकृत केंद्राबाहेर करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, आणि बाहेरच्या सदोष कामामुळेच जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे त्यात सांगितले होते. तो आदेश पुढे अपिलांत गेला, हे मला ठाऊक आहे. तरीही त्यातले तत्त्व कोणत्याही समंजस माणसाला पटेल असे आहे: बिघाड माझ्या कामामुळे झाला असे आपले म्हणणे असेल तर ते दाखवून देण्याची जबाबदारी आपली आहे. आपल्या वॉरंटी-पुस्तिकेतसुद्धा अयोग्य देखभालीमुळे झालेले नुकसान वगळलेले आहे. मालकाने स्वतः केलेली देखभाल म्हणजे अयोग्य देखभाल, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. उलट मालक-पुस्तिकेत ऑइल बदलण्याची पद्धत चित्रांसह दिली आहे, बोल्टचा टॉर्क दिला आहे आणि फिल्टरसकट किती लिटर तेल लागते तेही दिले आहे. मालकाने हे काम करूच नये अशी कंपनीची इच्छा असती, तर ती पाने तिने कोणासाठी छापली?

याच निमित्ताने एक वेगळी गोष्टही आपल्या कानावर घालतो. काढलेले जुने तेल मी घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून आपल्या त्याच केंद्रावर नेले होते. त्यांच्याकडे वापरलेल्या तेलाचे पिंप असते आणि ते उचलून नेणारा नोंदणीकृत व्यावसायिकही ठरलेला असतो. तरी ‘बाहेरचे ऑइल घेत नाही’ म्हणून त्यांनी ते परत पाठवले. वापरलेले इंजिन ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, आणि ते गटारात किंवा मातीत ओतायची माझी तयारी नाही. आपल्या केंद्रांनी मालकांकडून ते स्वीकारावे, हवे तर त्यासाठी वाजवी शुल्क घ्यावे, एवढी सूचना मी मनापासून करतो.

माझ्या मागण्या अशा आहेत. क्रँकचे पुढचे ऑइल सील आणि त्या कामात काढावे लागणारे इतर सर्व सील वॉरंटीत बदलून द्यावेत आणि त्यासाठी मजुरी किंवा तेलाचा खर्च माझ्याकडून घेऊ नये. इंजिन फ्लशची या गळतीत काहीच गरज नाही, तो माझ्या इंजिनात करू नये. तपासणीसाठी घेतलेले पैसे परत करावेत. आणि आपल्या संगणकातील माझ्या गाडीच्या नोंदीतून ‘वॉरंटी लागू नाही’ हा शेरा काढून तसे मला लेखी कळवावे. या शेवटच्या मागणीला मी सीलइतकेच महत्त्व देतो. तो शेरा राहिला तर उद्या वॉटर पंप गेला किंवा गिअरबॉक्समध्ये काही निघाले, तरी कोणत्याही गावातले केंद्र त्याच एका ओळीवर बोट ठेवेल, आणि गाडी विकायला काढली तर घेणाराही तीच ओळ वाचेल.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत आपले लेखी, तांत्रिक कारणांसह उत्तर मिळावे. नकार कायम ठेवणार असाल, तर ऑइल बदलण्याच्या नेमक्या कोणत्या कृतीमुळे पुढचे सील खराब झाले, हे आपल्या अभियंत्याच्या सहीने कळवावे. उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये पुणे येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

तोवर गाडी मी गरजेपुरतीच वापरत आहे. दर रविवारी डिपस्टिक पाहून पातळीची नोंद वहीत ठेवत आहे आणि पुलीखाली दिसणाऱ्या ओलीचे तारखेसह फोटो काढत आहे. जॉब कार्ड, सर्व सर्व्हिसिंगची बिले, तेल, फिल्टर व वायसरची बिले, मालक-पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती आणि पिवळ्या रेघेसह ड्रेन बोल्टचे फोटो सोबत जोडले आहेत. आपला अभियंता पाठवणार असाल, तर कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीचा, म्हणजे गुरुवारचा दिवस मला सोयीचा आहे. गाडी लिफ्टवर असताना मी स्वतः हजर राहीन.

आपला विश्वासू,
(सही)
तळेगाव दाभाडे, जि. पुणे