सतरा शेकेलांचं शेत

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये तुला खूप खूप आशीर्वाद.

परवा रात्री फोन ठेवल्यापासून तुझं एक वाक्य माझ्या कानांतून जात नाही. "आई, काम मिळत नाही याचं आता फारसं काही वाटत नाही. पण दर वेळी पुन्हा आशा धरायची, याचाच थकवा आलाय." आणि मी पटकन म्हणून गेले, "होईल रे सगळं नीट." तू नुसतं "हं" म्हणालास. त्या "हं"ने मला कळलं, की मी तुझं ऐकलंच नव्हतं. तुझं दुःख मलाच सोसवेना, म्हणून मला धीर द्यायची घाई झाली होती. त्याबद्दल मला माफ कर. फोनवर जमलं नाही ते लिहून बघते.

चर्चच्या मंडळीतलं कुणी ना कुणी तुला दर आठवड्याला बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं तेच वचन पाठवतं, असं तू म्हणालास. "ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." पाठवणाऱ्यांचं प्रेम खरं आहे, त्यांच्यावर रागावू नकोस. पण ते वचन फुलांच्या चित्रावर छापण्यासाठी आलेलं नाही. ते एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र घरदार सोडून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, बंदी करून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं आहे. एकच वचन मागे जा, दहावं वाच. तिथे ७० वर्षं लिहिलंय. म्हणजे ते पत्र ज्यांनी हातात धरलं, त्यांतले बहुतेक जण परत जाणार नव्हते. आणि त्यांना सांगितलं काय? घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या परक्या नगरात तुम्ही आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. तो लोकांना सांगत होता, दोन वर्षं, फक्त दोन वर्षं, मग मंदिरातली भांडी, राजा, बंदिवान, सगळे परत. केवढं गोड बोलणं! यिर्मया त्यावर आधी काय म्हणाला ठाऊक आहे? "आमेन, परमेश्वर असंच करो." त्यालाही तेच हवं होतं रे. पण ते खरं नव्हतं, आणि लोकांना खोट्या शब्दावर टेकून बसवायला तो तयार नव्हता. परवा मी तुझ्याशी हनन्यासारखी बोलले. मला तारीख माहीत नाही. तुला काम कधी मिळेल, मनासारखं मिळेल का, हे मला देवाने सांगितलेलं नाही. ते ठाऊक असल्यासारखं मी यापुढे बोलणार नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगते. यिर्मयाचा ३२ वा अध्याय मी या दोन दिवसांत चार वेळा वाचला. यहूदाच्या सिद्कीया राजाच्या कारकिर्दीचं दहावं वर्ष आहे, इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमाराची गोष्ट. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय. शहर पडणार हे यिर्मयाच वर्षानुवर्षं सांगत आलाय, आणि तेच सांगितलं म्हणून राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात अडकवून ठेवलंय. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथ गावातलं माझं शेत विकत घे, जवळचा नातलग म्हणून ते सोडवून घेण्याचा हक्क तुझाच आहे. जो देश शत्रूच्या हाती जाणार, तिथलं शेत! आणि घेणारा कोठडीत.

हनामेल येणार हे देवाने त्याला आधी सांगून ठेवलं होतं. म्हणून यिर्मया ते घेतो. त्याची सगळी रीत पवित्र शास्त्रात नीट नोंदवली आहे, मला तेच फार आवडतं. १७ शेकेल, म्हणजे तेव्हाच्या वजनाने तेवढी चांदी, तराजूत तोलली. खत लिहिलं, मोहोर केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक प्रत बंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन तो म्हणाला, ही मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असं परमेश्वर म्हणतो.

आणि मग, सगळं झाल्यावर, तो प्रार्थना करतो, तेव्हा त्याचं मन कळतं. तो देवाची थोरवी गातो, जुनी सगळी अद्भुतं आठवतो आणि शेवटी म्हणतो, हे बघ, वेढ्याचे मोर्चे तटाला भिडलेत, तरवार, दुष्काळ आणि मरीने नगर गेल्यात जमा आहे, आणि तू मला सांगतोस, पैसे देऊन शेत घे? म्हणजे खतावर सही करताना त्याच्या मनात काही उजाडलेलं नव्हतं. व्यवहार आधी झाला, प्रश्न नंतर विचारला, आणि देवाने त्या प्रश्नाबद्दल त्याला रागावून गप्प केलं नाही.

बाळा, मला वाटतं तू आशेला मनाची उभारी समजतोस आणि ती रोज जागवायला जातोस, म्हणून थकतोस. सगळेच थकतील. यिर्मयाची आशा त्याच्या उरात नव्हती त्या दिवशी, ती भांड्यात होती.

ते शेत त्याने कधी कसलं नाही. यरुशलेम पडलं, आणि पुढे लोकांनी त्याला मिसर देशात, म्हणजे इजिप्तला, नेलं. त्या भांड्याचं काय झालं हे शास्त्र सांगत नाही. पण एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परतलेल्यांची लांबलचक यादी आहे, जी आपण वाचताना नेहमी ओलांडून जातो. त्यात तेविसाव्या वचनात एक ओळ आहे: अनाथोथचे लोक, १२८. ही ओळ मला परवा सापडली आणि मी एकटीच स्वयंपाकघरात रडले.

पंडिता रमाबाईंचं शेवटचं वर्ष आठव. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती, आणि अखेरीस १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा. त्या वेळी त्या पवित्र शास्त्राचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत भाषांतर करत होत्या. लेक गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ज्या बायकांसाठी त्या लिहीत होत्या त्यांतल्या कितीतरी अजून जन्मल्याही नव्हत्या.

आता माझंही सांगते. तुझ्याआधी आम्हाला एक मुलगी झाली होती आणि ती नऊ दिवस जगली, एवढं तुला माहीत आहे. त्यानंतरचं वर्ष मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. मी प्रार्थना करू शकत नव्हते. उपासनेत गीत सुरू झालं की ओठ मिटून उभी राहायचे. कुणी एकीने मला सांगितलं की माझा विश्वास कमी पडला, आणि ते वाक्य मी कितीतरी महिने पोटात घेऊन फिरले. दुसरी एक वयस्क बाई मात्र दर गुरुवारी यायची. कशी आहेस, असं विचारायची नाही. बसायची, स्तोत्र १३ मोठ्याने वाचायची, थोडा वेळ गप्प राहायची आणि जायची. "हे परमेश्वरा, कोठवर?" त्या छोट्याशा स्तोत्रात हा प्रश्न चारदा येतो. माझ्या तोंडून निघत नव्हतं ते ती माझ्या वतीने म्हणत होती. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला छप्पर उसकून खाली सोडतात, तिथे लिहिलंय की येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्याला क्षमा केली. वाहून आणणाऱ्यांचा विश्वास. खाटेवर पडलेल्याला त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही.

त्याच वर्षी चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथ शाळेच्या लहान वर्गाला कुणी शिक्षक मिळेना, म्हणून मी हो म्हटलं. आठ मुलं होती. मनात काहीच नसताना मी दर रविवारी धडा तयार करायचे. माझे १७ शेकेल तेच होते, पण तेव्हा मला तसं काही वाटलं नव्हतं, वेळ जायचा एवढंच. मग एका रविवारी येशूच्या रिकाम्या कबरेचा धडा सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की मी जे बोलतेय ते मला खरं वाटतंय. दुःख तेवढंच होतं. माझी मुलगी परत आली नव्हती. पण ती प्रभूजवळ आहे, आणि मरण हे शेवटचं पान नाही, हे मी मुलांना सांगत होते आणि माझी मीच ऐकत होते.

आपली सगळी आशा शेवटी त्या एकाच सकाळीवर उभी आहे. ती सकाळ खरी नसेल तर मी तुला काहीही लिहू नये. पौलानेही तेच म्हटलं आहे: ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ. पण त्या दिवशीही अम्माऊसच्या वाटेवर दोघे जण मान खाली घालून यरुशलेमपासून दूर चालले होते. सुमारे ११ किलोमीटरची वाट. ते म्हणाले, तो इस्राएलाची मुक्ती करणार अशी आमची आशा होती. होती! आणि हे ते सांगत होते कुणाला? उठलेल्या प्रभूलाच, जो त्यांच्या शेजारी, त्यांच्याच पावलांनी चालत होता. आपली आशा मेली हे त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितलं, आणि तो त्यांना सोडून गेला नाही. तुझी आशा मेली असं वाटलं तर तूही त्यालाच सांग. चांगल्या शब्दांत सांगायची गरज नाही.

एक गोष्ट आईपणाने सांगते. तू रात्री तीनपर्यंत जागतोस. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला लगेच उपदेश केला नाही. देवदूताने त्याला उठवून खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. बोलणं नंतर, डोंगरावर झालं. तेव्हा आधी झोप. आणि झोप येतच नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाऊया. त्यात विश्वासाची काहीही कमतरता नाही.

तू मला सहज बोलून गेलास, की त्या परीक्षेचा अर्ज भरायचा राहिलाय, कारण काय उपयोग. आणि शेजारच्या मुलाला गणित शिकवत होतास तेही बंद केलंस. या दोन्हींपैकी कुठलं शेत तुझं आहे ते मला माहीत नाही, कदाचित तिसरंच काही असेल. मी सांगणार नाही. सही करताना हात उत्साहाने उचलला पाहिजे असं मात्र मानू नकोस.

बाबांनी हे पत्र वाचलं. त्यांना लिहिता येत नाही असं म्हणतात, म्हणून खाली नुसतं रोम ५:५, "आशा लाजवीत नाही" ते वचन, लिहायला सांगितलंय.

मी रोज रात्री साडेनऊला तुझ्यासाठी प्रार्थनेला बसते. उद्यापासून त्या वेळी तुला फोन लावेन. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, फोन नुसता चालू ठेवून तुझं काम करत राहा. मी स्तोत्र वाचेन आणि ठेवून देईन.

तुझी,
आई

रोम ५:५