डाव संपल्यावरही पट मांडून ठेवायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सा. न.

तुम्हाला हे सगळं समोर बसून सांगता आलं असतं. तरी उघड पत्र लिहिते आहे, कारण तुम्ही आम्हा नवराबायकोला जे शिकवलंत ते घरी बुद्धिबळ खेळणाऱ्या कुठल्याही जोडप्याच्या कामाचं आहे. तुम्ही वर्षानुवर्षं स्पर्धा खेळलेल्या, मुलं घडवलेल्या. आमच्यासारख्यांच्या रात्रीच्या डावांची वही तुम्ही मागून घ्याल, असं वाटलं नव्हतं. तुम्ही ती घेतलीत, आणि पट मांडून एकेक चाल स्वतः खेळून पाहिलीत.

त्याआधी आमच्याकडे विश्लेषण म्हणजे डाव मोबाइलवरच्या इंजिनात, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्राममध्ये, घालायचा आणि लाल खूण कोणाच्या चालीवर पडते ते बघायचं. त्यात शिकणं कमी आणि निवाडा जास्त. तुमची पहिली अट होती, इंजिन शेवटी. आधी दोघांनी बोलायचं. आणि बोलायचं तेही समोरच्याच्या चालींबद्दल! पांढऱ्याचा बेत काळ्याने सांगायचा, काळ्याचा पांढऱ्याने. ‘हा घोडा इथे का आणला असेल?’ याचं उत्तर मला नवऱ्याच्या वतीने द्यायला लावलंत, तेव्हा मी त्याचे डाव कधी नीट पाहिलेच नव्हते हे कळलं. माझे डाव त्यानेही पाहिले नव्हते.

‘दोन घोड्यांचा बचाव’ या डावाच्या सुरुवातीबद्दल तर तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. आमच्यात तो इतक्यांदा व्हायचा की पहिल्या चाली दोघंही न बघता खेळायचो. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६ (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या; आधी माझी पांढऱ्याची चाल, मग त्याची). मग माझा घोडा जी५ वर, त्याचं प्यादं डी५ वर. मी ते प्याद्याने मारायची, तो घोड्याने परत मारायचा. मग मी एफ७ वर घोडा द्यायची, त्याचा राजा तो मारायचा, आणि मी वजीर एफ३ वर आणून शह द्यायची. डी५ वरचा घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर, पटाच्या मध्यावर यावं लागतं. इथे मी घाईने उंटाने तो घोडा मारायची. वजिराने उंट जायचा, वजिरावजिरी व्हायची, आणि माझ्याकडे एका प्याद्याच्या बदल्यात एक अख्खं मोहरं कमी.

यातून आम्ही दोघंही उलटंच शिकलो होतो. घोड्याने परत मारणं चालतं, असं त्याला वाटायचं. एफ७ वरचं बलिदान फसवं आहे, असं मला. तुम्ही उंटाला हात लावू दिला नाहीत. दुसरा घोडा सी३ वर ठेवलात आणि थांबलात. काळ्याचा घोडा आमच्या उंटाच्या रेषेत अडकलेला, हलला तर राजाला शह, आणि त्यावर आता आणखी एक मारा. काळ्याला किती अवघड जातं ते आम्ही दोघांनी एकत्र पाहिलं. मग तुम्ही तीन चाली मागे गेलात आणि डी५ वर घोड्याने मारण्याऐवजी काळ्याचा सी६ वरचा घोडा ए५ वर नेलात. उंटाचा शह, सी६ ला प्यादं, मारामारी, आणि काळा एक प्यादं कमी असूनही त्याची मोहरी भराभर बाहेर येतात. नवऱ्याचा चेहरा तेव्हा उजळला होता, आणि ताई, मलाही फार बरं वाटलं.

एकाच माणसाशी सतत खेळलं की पटापेक्षा माणूसच जास्त खेळला जातो, असं तुम्ही म्हणालात. तो इकडे बघणार नाही, ती हत्तीला भितेच, अशा भरवशावर आमच्या निम्म्या चाली होत्या. अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर अशी चाल लगेच उघडी पडते. घरात ती वर्षानुवर्षं टिकते. म्हणून प्रत्येक चालीला ‘सर्वांत चांगलं उत्तर आलं तर?’ हा प्रश्न विचारायचा. मिखाईल बोटविनिक १९४८ मध्ये जगज्जेता झाला. तो स्वतःच्या डावांचं परखड विश्लेषण करून छापत असे, म्हणजे दुसऱ्यांना त्यातले दोष दाखवता येतील. घरी तो दुसरा माणूस आयताच समोर बसलेला असतो, हे तुमच्यामुळे लक्षात आलं.

वही कशी लिहायची हेही तुमचंच. विचार करताना अडखळलो ती चाल गोल करायची. चाल परत घेतली तर ती न खोडता बाजूला लिहायची, कारण मनात काय होतं ते तीच सांगते. स्पर्धेत मोहऱ्याला हात लावला की तेच खेळावं लागतं. घरात मुभा आहे, तर तिचाही उपयोग करून घ्यायचा. डाव संपल्यावर आधी गोल केलेल्या जागा बघायच्या, मग बाकीचं.

इंजिनचं भयही तुम्हीच घालवलंत. स्टॉकफिश हे इंजिन २००८ पासून सगळ्यांना मोफत मिळतं आणि कुठल्याही जगज्जेत्यापेक्षा बलवान आहे. पण ते आकडा देतं, कारण देत नाही. प्याद्याच्या ०.३ एवढ्या फरकावरून आम्ही वाद घालत होतो, ते तुम्ही बंद केलंत. ढोबळमानाने एक प्याद्याएवढा फरक पडला तरच थांबायचं, आणि तिथेही पुढच्या पाच चाली पटावर खेळून कारण शोधायचं.

अंतिम डावात तुम्ही एकच गोष्ट दिलीत, फिलिडोरची स्थिती. हत्ती विरुद्ध हत्ती आणि प्यादं, आणि प्यादं नसलेल्या बाजूने बरोबरी राखायची. आपला राजा प्याद्याच्या वाटेत, आपला हत्ती आपल्याकडून तिसऱ्या रांगेत. प्यादं त्या रांगेत पुढे सरकलं की हत्ती पार पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. त्याने परवा याच जोरावर माझ्याशी बरोबरी साधली, आणि डाव संपल्यावर ती स्थिती मीच त्याला समजावून सांगितली.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. त्या ए५ च्या डावात काळ्याने बी-प्याद्याने परत मारलं की माझा बी५ वरचा उंट माराखाली येतो. मी तो ई२ वर मागे घेते. वजीर एफ३ वर आणणं जास्त खरं, असं त्याचं म्हणणं आहे. इंजिन अजून उघडलेलं नाही. तुम्हाला वेळ असेल तेव्हा वही घेऊन आम्ही दोघं येतो.

तुमची कृतज्ञ,
पांढऱ्याकडची, आणि तिच्यासोबत काळ्याकडचाही