‘घरी घेऊन जा’ म्हटल्यावर पुढे काय?

मा. संपादक,

खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या, दुष्परिणामांवर आपल्या दैनिकात नेहमी छापून येतं, ते यावंच. पण ज्याचा तोंडाचा कर्करोग हाताबाहेर गेला आणि ज्याला नागपूरहून ‘आता घरी घेऊन जा’ म्हणून परत पाठवलं, त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही. तो माणूस पुढेही कित्येकदा काही महिने जगतो. छपरीतल्या खाटेवर, घरातल्या एकाच बाईच्या भरवशावर.

आमच्या तालुक्यात आम्ही काही जण अशा घरी जातो. औषधपाणी नर्स-डॉक्टर ठरवतात, आम्ही हाताखालची कामं करतो. गालाला भोक पडलं की जखमेला वास सुटतो. शेजारी दारातूनच परत फिरतात, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. नर्सने दाखवून दिल्याप्रमाणे जखम मिठाच्या पाण्याने धुवायची आणि मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून वर भुरभुरायची. काही दिवसांत वास बराच उतरतो आणि नातू खाटेशी येऊन बसतो. कूस बदलून देणं, नळीतून गाळलेलं वरणाचं पाणी देणं, कोरड्या ओठांवरून ओला कापूस फिरवणं, हे कोणालाही शिकता येतं.

पण घरच्यांना हवं असतं ते वेगळंच. ऐन सोयाबीन सोंगणीत एक सून मला म्हणाली, “बाई, तुमी बसत असान त मी दोन घंटे झोपतो.” झोपली ती थेट दिवेलागणीपर्यंत! उलट केळी घेऊन भेटायला येणारे तिला चहा मांडायला लावतात आणि “आमच्या मामालेबी असंच झालं होतं, पंधरा दिवसांत गेले” असं रुग्णाच्या उशाशी बसून सांगतात. असे पाहुणे न आलेले बरे.

केरळात गावोगावचे स्वयंसेवक आठवड्यातले ठरावीक तास अशा घरांना देतात. त्या राज्याने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरणच केलं, पंचायतींनी नर्सच्या घरभेटी सुरू केल्या. आपल्याकडे संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला जमणारी गुरुदेव सेवा मंडळाची मंडळी आहेत, बचत गट आहेत. त्यांनी आपसात पाळ्या लावल्या तर गावातलं असं एखाद-दुसरं घर सांभाळणं जड नाही. महारोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला गांधीजी स्वतः मालीश करायचे, ते सेवाग्राम आपल्याच विदर्भात आहे.

वेदनेपुढे मात्र आमचं काही चालत नाही. तिथे अफूपासून बनणारं मॉर्फिनच लागतं. त्याची सवय लागेल म्हणून घरचे घाबरतात. पण कर्करोगाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ते घेतलं तर तशी भीती फारशी नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध मात्र हवंच. २०१४ मध्ये केंद्राने अमली पदार्थांचा कायदा बदलून अशा औषधांच्या परवान्यांची कटकट कमी केली. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीतही पॅलिएटिव्ह केअर आहे. तरी आमच्या रुग्णांच्या घरच्यांना या गोळ्या तालुक्याला मिळत नाहीत. मोठं शहर गाठावं लागतं, मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. मग गोळी अर्धी करून पुरवतात आणि माणूस रात्रभर कण्हतो.

आपल्याला एकच विनंती. आपल्या जिल्ह्यात मॉर्फिनच्या गोळ्या कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी आणि काय कागदपत्रं दाखवून मिळतात, हे आपल्या वार्ताहराकडून विचारून एकदा ठळक छापा. कात्रणं घरोघरी पोचवायचं काम आमच्याकडे.

— एक निवृत्त शिक्षिका,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ