किल्ली कुणाच्या खिशात?

महोदय,

४ मार्चला सुरक्षा सप्ताह सुरू झाला की आमच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात छातीवर बिल्ले लागतात, शपथ होते, पोस्टर स्पर्धेची बक्षिसे वाटली जातात. त्यातच तासाभरात 'लोटो'चे, म्हणजे लॉकआऊट-टॅगआऊटचे (दुरुस्तीआधी मशीन बंद करून कुलूप आणि पाटी लावण्याचे) प्रशिक्षण उरकतात. पडद्यावर इंग्रजी स्लाइड, समोर निम्मे कंत्राटी कामगार, कुणी लातूरचा तर कुणी बिहारचा. शेवटी हजेरीच्या कागदावर सही. मी तीस वर्षे प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनच्या खात्यात, मेंटेनन्स फिटर होतो. असल्या कागदांवर माझ्याही सह्या आहेत.

मेन बंद करा, कुलूप लावा, टॅग अडकवा, एवढेच तिथे सांगतात. मेन बंद केल्यावर मशीनमध्ये काय शिल्लक राहते, ते मशीनपाशी नेऊन कुणी दाखवत नाही. मला ते एका रात्रपाळीत कळले. प्रेसच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, पत्र्याचा तुकडा अडकला होता. मेन बंद करून मी पान्ह्याने तो उचकटू लागलो. मोटर थांबली होती, फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचे जड चाक, मात्र फिरतच होते. तुकडा हलेना म्हणून पान्हा तिथेच ठेवून पहार घ्यायला वळलो, तेवढ्यात मदतनिसाचा पाय पेडलवर पडला. क्लच लागला आणि रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, खाली आला. पान्हा मधोमध वाकला. माझा हात त्या वेळी पहारीवर होता, इतकेच.

खरे तर मेन बंद केल्यावर फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यायचे, रॅमखाली ठोकळा लावायचा, लाइनमधली हवा सोडायची, पॅनलमधल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरल्याची खात्री करायची आणि मग मशीन सुरू होत नाही ना, हे स्टार्टचे बटण दाबून बघायचे. शेवटचे काम पाच सेकंदांचे आहे. पण माल अडला असला की सुपरवायझरला तेवढेही जड जातात.

कायदा काही नवा नाही. चुकून चालू होऊ शकणारा स्विच बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी, ही तरतूद कारखाने अधिनियमात १९७६ सालीच आली. भोपाळनंतर १९८७ मध्ये कामगाराला सुरक्षेचे प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही त्यात घातला गेला. तरीही मी काम केले तिथे सगळ्या खात्याला मिळून एक कुलूप होते आणि त्याची किल्ली ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये असायची. खरे तर ज्याचा हात मशीनमध्ये, किल्ली त्याच्याच खिशात हवी. तिघे जण काम करत असतील तर तिघांची तीन कुलपे. पाळी बदलताना आधी येणाऱ्याचे कुलूप लागावे, मगच जाणाऱ्याने आपले काढावे.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांना एक विनंती. तपासणीला याल तेव्हा सह्यांची फाइल बाजूला ठेवा. समोर दिसेल त्या कंत्राटी पोराला प्रेसपाशी उभे करा आणि म्हणा, "बंद करून दाखव." तो फ्लायव्हीलकडे बघतो का, ते पाहा. मग किल्ली मागा आणि ती आणायला किती जण धावतात ते मोजा.

— एक निवृत्त फिटर, भोसरी