अंधार मालिकेत की टीव्हीत?

महोदय,

गुन्हेगारी मालिकेचा पहिला भाग आला की 'काही दिसलंच नाही, संवाद कळले नाहीत' अशा प्रतिक्रिया सुरू होतात. मालिकेला नावं ठेवण्याआधी टीव्ही तपासावा. अनेक स्मार्ट टीव्हींत वीजबचत आणि प्रकाशाचा सेन्सर आधीपासून चालू असतो. खोलीत अंधार केला की तो पडदा आणखी मंद करतो. दोन्ही बंद करा. पिक्चर मोड 'सिनेमा'वर आणा. उजेड हवा तर बॅकलाइट (पडद्यामागचा प्रकाश) वाढवा. 'ब्राइटनेस' पुष्कळ टीव्हींत काळ्या रंगाची पातळी बदलतं. ते वाढवलं की काळा कोट राखाडी होतो आणि सावलीतला चेहरा धुरकट. अंधाऱ्या भिंतीवर चौकोनी ठिगळं दिसली, तर बहुधा इंटरनेट कमी पडतंय.

आवाज ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा) ऐवजी स्टिरिओवर (दोन स्पीकरांसाठीचा) ठेवा. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात, आणि साध्या टीव्हीला स्पीकर दोनच!

सोलापूरच्या दुपारी मात्र कुठलंही सेटिंग पुरत नाही. खिडकीला जाड चादर लावावी, नाहीतर रात्रीच बघावं.

निर्मात्यांनीही भाग प्रसिद्ध करण्याआधी तो घरगुती ३२ इंची टीव्हीवर, दिवा लावून, एकदा बघावा.

— एक प्रेक्षक, सोलापूर